संदेश थांबला तर यंत्राने काय करावे?
स्वयंचलित यंत्रणेतील संपर्क-दोष आणि ग्रामपंचायतींची जबाबदारी

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील भोर आणि वेल्हे हे तालुके म्हणजे पाण्याचे माहेरघर होय. वेळवंडी नदीवरील भाटघर, नीरेवरील नीरा-देवघर, आंबीवरील पानशेत, मोसेवरील वरसगाव आणि गुंजवणी अशी एकाहून एक मोठी धरणे या दोन तालुक्यांच्या डोंगरखोऱ्यांत उभी आहेत. वेल्हे तालुक्यास आता राजगड हे नाव देण्यात आले असले, तरी या खोऱ्यांतील पावसाचा जोर आणि वाड्यावस्त्यांमधील अंतरे पूर्वीसारखीच आहेत. पावसाळ्यात पाण्याचा धुमाकूळ आणि उन्हाळ्यात डोंगरमाथ्यावरील वस्त्यांना पाण्याची ओढ, असा येथील वर्षाचा क्रम असतो.

अशा भागात पाणी उचलणे, साठविणे आणि वाटणे ही कामे दिवसेंदिवस यंत्रांच्या हाती जात आहेत. जॅकवेलवरील मोटार टाकीतील पातळी पाहून आपोआप चालू वा बंद होते. गुंजवणीचे पाणी वेल्हे, भोर आणि पुरंदर या तालुक्यांना उघड्या कालव्याऐवजी बंद नलिकेतून देण्याची योजना आहे. अशा नलिकांतील झडपा आणि दाबमापके दूरवरून हाताळता यावीत, ही काळाची गरज ठरते. पुणे-सातारा महामार्गालगत उभ्या राहिलेल्या कारखान्यांत तर शेकडो यंत्रे एकमेकांशी सतत संदेशांची देवाणघेवाण करीत असतात. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने घरोघरी नळ पोहोचविण्याबरोबरच पाण्याची पातळी, प्रवाह आणि गुणवत्ता मोजणाऱ्या उपकरणांचाही पुरस्कार केला आहे.

यंत्र आज्ञेप्रमाणे चालते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु आज्ञा येणेच थांबले तर यंत्राने काय करावे? चालू असलेली मोटार चालूच ठेवावी की बंद करावी? उघडलेली झडप तशीच राहू द्यावी की मिटवून घ्यावी? हा प्रश्न वरवर केवळ अभियंत्यांचा वाटतो. वस्तुतः तो गावाच्या पाण्याचा, पैशाचा आणि प्रसंगी जीविताचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर यंत्र बसविण्यापूर्वीच देऊन ठेवावे लागते. ते कोणी दिले नाही, तर कारखान्यातून यंत्र बाहेर पडताना त्यात जे उत्तर भरलेले असते, तेच लागू होते. म्हणूनच या विषयाची प्राथमिक माहिती पंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी या सर्वांना असणे अगत्याचे आहे.

फील्डबस म्हणजे काय?

पूर्वी प्रत्येक उपकरणासाठी नियंत्रण कक्षापासून स्वतंत्र तारांची जोडी टाकावी लागे. पातळी दाखविणारे उपकरण एक, दाब दाखविणारे दुसरे, मोटारीला आज्ञा देणारी तार तिसरी. असे करता करता तारांचे भारेच्या भारे होत. या पद्धतीत एक मोठा गुण मात्र होता. उपकरणाचे मापन ४ ते २० मिलिअँपिअर एवढ्या विद्युत्प्रवाहाने दर्शविले जाई. टाकी रिकामी असेल तर ४ आणि पूर्ण भरलेली असेल तर २०. रिकाम्या टाकीसाठी शून्य न ठेवता ४ ठेवण्यामागे मोठे शहाणपण होते. प्रवाह शून्यावर आला, तर टाकी रिकामी झालेली नसून तार तुटलेली आहे, हे तत्काळ कळे. ‘काही नाही’ आणि ‘काही कळत नाही’ या दोन गोष्टींत भेद करण्याची सोय मोजमापाच्या पद्धतीतच करून ठेवलेली होती.

पुढे एकाच तारेच्या जोडीवर अनेक उपकरणे बसविण्याची पद्धत आली. कारखान्याच्या वा योजनेच्या क्षेत्रात पसरलेल्या उपकरणांना जोडणाऱ्या या सामाईक संदेशवाहिनीला फील्डबस असे म्हणतात. १९७९ साली अमेरिकेतील मोडिकॉन या कंपनीने मॉडबस ही पद्धत प्रचारात आणली. तीच आज लहानमोठ्या पंपगृहांतही आढळते. १९८० नंतरच्या दशकात जर्मनीत प्रोफिबस ही पद्धत विकसित झाली. पुढे अशा विविध पद्धतींचा समावेश आंतरराष्ट्रीय मानकातही करण्यात आला.

या वाहिनीचे कामकाज शाळेतील हजेरीप्रमाणे चालते. गुरुजी क्रमांक पुकारतात आणि ज्याचा क्रमांक असेल तोच विद्यार्थी ‘हजर’ म्हणतो. इतरांनी गप्प राहावयाचे असते. त्याचप्रमाणे मुख्य नियंत्रक, ज्याला पी.एल.सी. म्हणतात, तो एकेका उपकरणास त्याच्या क्रमांकाने विचारतो, आज्ञा देतो आणि उत्तर घेतो. मॉडबसमध्ये हे क्रमांक १ ते २४७ असे असू शकतात. प्रत्येक उपकरणाच्या बाजूने ही हजेरी देणारा जो भाग असतो, तो म्हणजे कम्युनिकेशन मॉड्यूल होय. वाहिनीवरून आलेला संदेश वाचणे, तो शुद्ध आहे की नाही हे तपासणे, त्यातील आज्ञा मोटारीस वा झडपेस पोहोचविणे आणि तेथील माहिती परत पाठविणे, ही त्याची कामे होत.

संदेश शुद्ध आहे की नाही, हे तो कसे ओळखतो? कीर्दीत जसे पानाच्या शेवटी बेरीज लिहितात आणि पुढच्या माणसाने ती पुन्हा करून पाहावयाची असते, तसा प्रत्येक संदेशाच्या शेवटी एक तपासणीचा आकडा जोडलेला असतो. घेणाऱ्याने केलेला हिशेब त्याच्याशी जुळला नाही, तर तो संदेश बाद समजण्यात येतो आणि नियंत्रक तो पुन्हा पाठवितो. ही व्यवस्था इतकी चोख असते, की चुकीचा संदेश खरा मानला जाण्याचा संभव अत्यल्प असतो. तेव्हा खरा प्रश्न चुकीच्या संदेशापेक्षा न आलेल्या संदेशाचा आहे.

दोष कोठे उद्भवतात?

अनुभव असा आहे, की मॉड्यूल स्वतः क्वचितच बिघडते. बहुतेक दोष त्याच्या आजूबाजूला असतात. त्यांची मुख्य कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिले कारण म्हणजे तार व तिचे जोड. सैल झालेला स्क्रू, गंजलेले टोक, उंदराने कुरतडलेले आवरण आणि पेटीत शिरलेली ओल यांचा त्यात समावेश होतो. चार महिने धुवांधार पाऊस पडणाऱ्या मावळपट्टीत शेवटच्या कारणाकडे विशेष लक्ष देणे जरूर आहे.

दुसरे कारण म्हणजे वाहिनीच्या टोकांवरील रोध. डोंगरकड्यासमोर हाक मारली असता तिचा प्रतिध्वनी परत येतो आणि पुढची हाक त्यात मिसळून अस्पष्ट होते. तारेच्या मोकळ्या टोकावर विजेचा संदेशही असाच आदळून परततो. तो तेथेच जिरून जावा म्हणून वाहिनीच्या दोन्ही टोकांना, आणि फक्त टोकांनाच, ठरावीक रोध जोडतात. तो विसरला किंवा मध्येच तिसरा जोडला गेला, की वाहिनी कधी चालते, कधी चालत नाही.

तिसरे कारण म्हणजे क्रमांकांचा घोटाळा. एका क्रमांकाची दोन उपकरणे असतील, तर एकाच हजेरीक्रमांकाला दोन विद्यार्थ्यांनी एकदम उत्तर द्यावे तसा प्रकार होतो आणि कोणाचेच ऐकू येत नाही. बिघडलेले उपकरण बदलताना नव्यावर जुना क्रमांक न लावल्यास याच जातीचा दोष उद्भवतो.

चौथे कारण म्हणजे विजेचा उपद्रव. मोटारीच्या जाड केबलीशेजारून संदेशाची बारीक तार नेली, तर मोटार सुरू होताना संदेश विस्कटतात. विजेचा दाब क्षणभर उतरला तर मॉड्यूल बंद होऊन पुन्हा सुरू होते. वळवाच्या पावसात आकाशातील वीज जवळपास पडली, तरी लांबवर गेलेल्या तांब्याच्या तारेत उच्च दाब निर्माण होऊन मॉड्यूल जळू शकते.

पाचवे कारण अंतर. मॉडबस आणि प्रोफिबस यांसाठी सामान्यतः वापरली जाणारी आर.एस. ४८५ पद्धतीची तार कमी वेगाने सुमारे १,२०० मीटरपर्यंत संदेश नेऊ शकते आणि मूळ मानकानुसार तिच्या एका भागावर ३२ उपकरणे बसतात. डोंगरावरील टाकी आणि नदीकाठचा पंप यांत पुष्कळदा याहून अधिक अंतर असते. मग मध्ये रेडिओ किंवा मोबाइलचा दुवा घालावा लागतो. दरीखोऱ्यांत मोबाइलची लहर कोठे मिळते व कोठे मिळत नाही, हे रहिवाशांना सांगावयास नको. जितके दुवे अधिक, तितक्या तुटण्याच्या जागा अधिक.

या सर्वांत अधूनमधून होणारा दोष अधिक त्रासदायक असतो. वाहिनी पूर्ण तुटली तर ते लगेच लक्षात येते. परंतु दिवसातून दोनदा, तेही ठरावीक वेळी नव्हे, संपर्क जात असेल, तर कर्मचारी स्विच बंद करून पुन्हा सुरू करतो आणि ‘चालू झाले’ म्हणून समाधान मानतो. दोष मात्र तेथेच राहतो.

संपर्क तुटल्यावर तीन मार्ग

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संपर्क तुटला आहे, हे मॉड्यूलला प्रथम कळले पाहिजे. त्यासाठी त्यात एक कालमापक असतो. त्यास वॉचडॉग, म्हणजे राखणदार, असे म्हणतात. रात्रीचा पहारेकरी दर तासाला टोले देतो, म्हणून गाव निर्धास्त झोपते. टोला पडला नाही तर जागे व्हावयाचे असते. त्याचप्रमाणे नियंत्रकाकडून ठरावीक अवधीत संदेश आला नाही, तर राखणदार संपर्क तुटल्याचे जाहीर करतो. प्रोफिबसमध्ये अशी सोय पद्धतीतच अंतर्भूत आहे, मात्र ती चालू ठेवलेली असली पाहिजे. मॉडबसच्या मूळ नियमांत आज्ञा थांबल्यावर उपकरणाने काय करावे, याविषयी काहीच सांगितलेले नाही. ते प्रत्येक उत्पादक आपापल्या परीने ठरवितो.

हा अवधी किती असावा, यालाही विचार लागतो. कारखान्यातील वेगवान यंत्राच्या बाबतीत सेकंदाचा अंशही पुष्कळ होतो. उलट गावाच्या टाकीच्या बाबतीत काही मिनिटांनी आकाश कोसळत नाही. अवधी फार लहान ठेवला तर क्षुल्लक कारणावरून मोटार वारंवार बंद पडते आणि मग कंटाळून कोणीतरी राखणदारच बंद करून ठेवतो. फार मोठा ठेवला तर त्याचा उपयोगच राहत नाही.

राखणदाराने इशारा दिल्यानंतर मॉड्यूलपुढे सामान्यतः तीन मार्ग असतात. एक, सर्व आज्ञा शून्य करून यंत्र थांबविणे. दोन, शेवटची आज्ञा कायम ठेवून आहे तसे चालू ठेवणे. तीन, आधी ठरवून दिलेल्या विशिष्ट स्थितीत जाणे; उदाहरणार्थ, मोटार अर्ध्या गतीने चालविणे. मोटारीची गती बदलणाऱ्या ड्राइव्हमध्येही संपर्क गेल्यास थांबावे, चालू राहावे की ठरलेल्या गतीने फिरावे, याची निवड करण्याची सोय असते.

यांपैकी सुरक्षित मार्ग कोणता? सर्व ठिकाणी लागू पडेल असे एकच उत्तर नाही. पाण्याची मोटार थांबविणे बहुधा सुरक्षित असते. पाण्यात क्लोरीन सोडणारा पंप मुख्य मोटार थांबताच थांबलाच पाहिजे, नाहीतर नलिकेत औषधाची मात्रा वाढते. भट्टीला थंड ठेवणारा पंखा मात्र थांबता कामा नये. धरणाच्या दाराने संदेश तुटताच आपोआप उघडणे म्हणजे खालच्या गावांवर संकट आणणे, आणि आपोआप मिटणे म्हणजे पुराच्या वेळी धरणावर संकट आणणे होय. तेथे दार आहे त्या स्थितीत ठेवून तत्काळ माणसाला बोलाविणे आणि ते जागेवरून हाताने चालविण्याची सोय तयार ठेवणे हाच समंजस मार्ग ठरतो. थोडक्यात, यंत्र तेच असले तरी जागा बदलली की उत्तर बदलते.

एका टाकीचे उदाहरण

हे अधिक स्पष्ट व्हावे म्हणून एक कल्पित परंतु नेहमी संभवणारा प्रसंग घेऊ. एका गावाची टाकी डोंगराच्या खांद्यावर आहे आणि मोटार खाली नदीकाठी आहे. टाकीत पातळी मोजणारे उपकरण असून त्याचा आकडा संदेशाने खाली येतो. पातळी ३० टक्क्यांखाली गेली की मोटार सुरू व्हावी आणि ९५ टक्के झाली की बंद व्हावी, अशी रचना आहे. रात्री पाऊस व वारा सुरू झाला आणि संपर्क तुटला.

समजा, संपर्क तुटताच पातळीचा आकडा शून्य होतो, अशी योजना आहे. नियंत्रकास टाकी रिकामी वाटेल व तो मोटार सुरू करील. टाकी भरून वाहू लागेल, तरी आकडा शून्यच राहील. रात्रभर पाणी व वीज वाया जाईल आणि टाकीखालची माती खचू लागेल.

समजा, शेवटचा आकडा कायम राहतो, अशी योजना आहे. संपर्क तुटताना मोटार चालू होती आणि पातळी ६२ टक्के होती. पडद्यावर ६२ हाच आकडा राहील. ९५ कधीच होणार नाही. म्हणून मोटारही थांबणार नाही. उलट, मोटार बंद असताना संपर्क तुटला, तर गाव पाणी वापरत राहील, टाकी रिकामी होईल आणि पडद्यावर मात्र ६२ टक्के पाणी शिल्लक दिसेल. सकाळी नळ कोरडे, आणि कर्मचारी म्हणतो, ‘टाकीत पाणी आहे’. तो खोटे बोलत नसतो. यंत्राने त्याला कालची गोष्ट आजची म्हणून सांगितलेली असते.

दोन्ही योजना एकाच कारणाने फसतात. ‘कळत नाही’ ही गोष्ट आकड्याच्या रूपाने दाखविली गेली. योग्य मार्ग असा, की आकड्यासोबत तो ताजा आहे की शिळा, याची खूणही यावी; आकडा शिळा झाला की मोटार थांबावी, पडद्यावरील आकडा पुसला जाऊन ‘संपर्क नाही’ अशी स्पष्ट सूचना दिसावी आणि जबाबदार व्यक्तीस इशारा मिळावा. त्याशिवाय टाकीच्या काठावर संदेशवाहिनीवर अवलंबून नसलेला साधा तरंगता स्विच किंवा झडप असावी, आणि भरून वाहिलेच तर ते पाणी सुरक्षितपणे काढून देणारी नळीही असावी.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. संपर्क परत आल्यावर यंत्राने आपण होऊन सुरू व्हावे काय? बंद मोटार पाहावयास गेलेला कर्मचारी तिच्या फिरत्या भागाजवळ हात घालून बसलेला असू शकतो. म्हणून जेथे माणूस यंत्राजवळ जाण्याचा संभव आहे, तेथे संपर्क आला तरी माणसाने जागेवर बटण दाबल्याखेरीज यंत्र सुरू होऊ नये आणि दुरुस्तीपूर्वी मुख्य स्विच बंद करून त्यास कुलूप लावावे, हा नियम कटाक्षाने पाळला पाहिजे.

परदेशांतील दोन प्रसंग

ही केवळ कल्पना नव्हे, याची साक्ष जगातील दोन घटना देतात. अमेरिकेतील मिसूरी राज्यात टॉम सॉक येथे डोंगरमाथ्यावरील जलाशयात पंपाने पाणी चढवून नंतर त्यापासून वीज निर्माण करण्याचा प्रकल्प आहे. तेथे पातळी मोजणारी उपकरणे आपल्या जागेवरून सुटली आणि प्रत्यक्षापेक्षा कमी पातळी दाखवू लागली. आणीबाणीच्या वेळी पंप थांबविण्यासाठी बसविलेली वेगळी उपकरणे गरजेपेक्षा अधिक उंचीवर होती. परिणामी १४ डिसेंबर २००५ रोजी पहाटे पंप चालूच राहिले, पाणी बंधाऱ्यावरून वाहू लागले आणि बंधारा फुटला. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. राखणदाराचा राखणदारही योग्य जागी असावा लागतो, हा त्याचा बोध होय.

दुसरी घटना १९ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतीलच अलाबामा राज्यातील ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात घडली. तेथील तिसऱ्या संचाच्या संदेशजाळ्यावर अनावश्यक संदेशांचा इतका भडिमार झाला, की पाण्याच्या पंपांची गती नियंत्रित करणारी उपकरणे प्रतिसाद देईनाशी झाली आणि दोन्ही पंप थांबले. कर्मचाऱ्यांनी नियमानुसार अणुभट्टी हाताने बंद केली. येथे तार तुटली नव्हती. उलट अतिरेकी संदेशांनीच संपर्क गुदमरला. परंतु अशा वेळी काय करावयाचे, हे आधी ठरलेले होते आणि माणसे जागेवर होती. म्हणून बिघाडाचे रूपांतर अपघातात झाले नाही.

भाटघरची दारे आणि पानशेतची आठवण

आपल्याच भागात या विषयाचा एक जुना आणि उत्तम धडा उभा आहे. सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी साठविणाऱ्या भाटघर धरणाला, म्हणजेच येसाजी कंक जलाशयाला, ४५ स्वयंचलित दारे आहेत. ती उघडण्यास संदेश लागत नाही. पाणी ठरलेल्या पातळीस पोहोचले, की पाणी स्वतःच आज्ञा देते. या जातीच्या दारांचे तत्त्व असे, की दाराचा तोल एका जड वजनाने सांभाळलेला असतो. वाढलेले पाणी त्या वजनाच्या हौदात शिरले, की पाण्यात बुडाल्यामुळे वजन हलके होते, तोल बदलतो आणि दार सरकते. खडकवासला येथे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९०३ साली बसविलेली स्वयंचलित दारेही मनुष्याच्या वा तारेच्या आज्ञेवाचून चालणारीच होती. मधला निरोप्याच नसल्यामुळे निरोप हरवण्याचा प्रश्नच तेथे येत नाही. अर्थात अशा दारांनाही देखभाल लागते; गंज आणि गाळ यांच्यापुढे कोणतेही तत्त्व टिकत नाही. परंतु अखेरचा आधार जेवढा साधा, तेवढा तो भरवशाचा, हे त्यांच्यापासून शिकण्यासारखे आहे.

याच परिसरातील पानशेतची आठवण दुःखद आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही. पुणे शहराचा नदीकाठचा भाग उद्ध्वस्त झाला. तेथे फील्डबस नव्हती आणि त्या आपत्तीची कारणे बांधकामाच्या क्षेत्रातील होती. धरणाचे पाणी सोडणाऱ्या विमोचकाच्या दारांची व्यवस्था पूर्ण झालेली नसतानाच पावसाळा आला आणि पाणी साठले. तरीही आपल्या विषयास लागू पडणारे तात्पर्य त्यात आहे. संकटकाळी ज्या दाराने काम करावयाचे, ते दार आणि त्याची रीत संकटापूर्वीच सिद्ध असली पाहिजे. पूर दाराशी आल्यावर सुरक्षित स्थिती कोणती, याचा खल करण्यास वेळ नसतो.

दोष शोधण्याचा क्रम

संपर्क-दोष झाल्यावर गोंधळून न जाता ठरावीक क्रमाने तपासणी केल्यास बहुतेक वेळा कारण सापडते. मॉड्यूलवर लहान दिवे असतात. वीजपुरवठ्याचा दिवा लागलेला नसेल तर आधी पुरवठा पाहावा. तो लागला असून संपर्क-दोषाचा दिवा पेटलेला असेल, तर दोष बहुधा वाहिनीत आहे. एकच उपकरण बोलत नसेल तर त्याचा जोड, पुरवठा आणि क्रमांक पाहावा. एका जागेपासून पुढची सर्वच उपकरणे गप्प असतील तर तेथेच तार तुटली असण्याचा संभव अधिक. सर्व उपकरणे कधी बोलतात, कधी नाही, असे असेल तर टोकांचे रोध आणि तारेजवळील मोटारीची केबल यांकडे पाहावे.

रोध तपासण्याची एक सोपी रीत आहे. पुरवठा पूर्ण बंद करून साध्या मल्टिमीटरने वाहिनीच्या दोन तारांमधील रोध मोजावा. सामान्य आर.एस. ४८५ वाहिनीच्या प्रत्येक टोकाला १२० ओहमचा रोध असतो. दोन रोध समांतर जोडलेले असल्यामुळे मोजमाप ६० ओहमच्या आसपास आले पाहिजे. १२० आले तर एक टोक मोकळे आहे किंवा तार मध्येच तुटली आहे. ४० आले तर कोणी तरी तिसरा रोध जोडलेला आहे. प्रोफिबसमध्ये हा रोध २२० ओहमचा असतो, म्हणून तेथे सुमारे ११० यावेत. माध्यमिक शाळेत शिकविला जाणारा समांतर रोधांचा नियम गावाच्या पाण्याशी असा निगडित आहे. विज्ञान शिक्षकांनी विद्यार्थ्यांना पंपगृहाची भेट घडवून, जाणत्या तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली हा प्रयोग दाखविल्यास तो त्यांच्या कायमचा स्मरणात राहील.

प्रत्येक दोषाची तारीख, वेळ, हवामान, कोणते दिवे लागले होते आणि काय केल्यावर यंत्र सुरू झाले, याची नोंद वहीत ठेवावी. अधूनमधून होणाऱ्या दोषाचे गूढ अशा नोंदींवरूनच उकलते.

पंचायतीने विचारावयाचे प्रश्न

१९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पिण्याचे पाणी हा विषय पंचायतींकडे सोपविता येण्याजोग्या विषयांत समाविष्ट केला. योजना ताब्यात घेताना ग्रामपंचायतीने आणि ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने ठेकेदारास व अभियंत्यास पुढील प्रश्न अवश्य विचारावेत.

१. संपर्क तुटला तर मोटार, झडप आणि औषधाचा पंप यांपैकी प्रत्येक यंत्र काय करील? हे लेखी मिळेल काय?

२. संपर्क तुटल्याचे किती वेळात कळेल, आणि कोणाला?

३. पडद्यावरील आकडा ताजा आहे की शिळा, हे कसे ओळखावयाचे?

४. टाकी भरून वाहू नये यासाठी संदेशवाहिनीवर अवलंबून नसलेली कोणती व्यवस्था आहे?

५. संपर्क परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होईल काय? तसे असल्यास दुरुस्ती करणाऱ्याच्या सुरक्षिततेचे काय?

६. सर्व यंत्रणा जागेवरून हाताने चालविता येते काय, आणि ते गावातील किमान दोन व्यक्तींना शिकविले आहे काय?

७. मॉड्यूल बदलावे लागल्यास त्याचा क्रमांक व इतर मांडणी यांची प्रत पंचायतीच्या दप्तरी आहे काय?

आणि या सर्वांहून महत्त्वाची एक गोष्ट. योजना ताब्यात घेण्यापूर्वी सर्वांसमक्ष संदेशाची तार मुद्दाम काढून पाहावी. मोटार चालू असताना एकदा आणि बंद असताना एकदा. कागदावर लिहिलेले आणि प्रत्यक्षात घडलेले जुळते की नाही, हे त्या दहा मिनिटांत दिसून येते. हीच चाचणी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी, वीजरोधक व भूमिजोड यांच्या तपासणीबरोबरच, करण्याचा प्रघात पाडावा.

स्वयंचलित यंत्रे ग्रामीण जीवनातील कष्ट कमी करण्यासाठी आहेत आणि त्यांचे स्वागतच केले पाहिजे. रात्रीअपरात्री नदीकाठी जाऊन मोटार बंद करणाऱ्या कर्मचाऱ्याचे श्रम त्यांनी वाचविले आहेत. परंतु यंत्राला विवेक नसतो. माणसाने आधी करून ठेवलेल्या विचाराप्रमाणेच ते चालते. संदेश मिळत असताना यंत्र कसे चालते, हे पाहून योजनेची परीक्षा पुरी होत नाही. संदेश थांबल्यावर ते कसे वागते, हेही पाहावे लागते. ती परीक्षा घेण्याचा अधिकार आणि कर्तव्य, दोन्ही योजना ताब्यात घेणाऱ्या गावाकडे आहेत.